सातवा प्रश्न

कॅन्सरवरच्या एका पेपरात माझं नाव छापून आलं आहे. चौदा लेखकांमध्ये अकरावं. माझ्या वर दहा डॉक्टर आणि प्राध्यापक, त्यातले चार नॉर्वेचे आणि दोन ब्राझीलचे. माझ्या खाली तिघे. आणि मधे मी, विनीता खानझोडे, बी.ए. सेकंड क्लास. पेपर सगळा इंग्रजीत आहे, त्यामुळे त्यातलं माझं नाव तेवढं मला अस्खलित वाचता येतं. तो छापून आला तेव्हा मी पहिल्या पानाची झेरॉक्स काढून लॅमिनेट केली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात वाणाच्या आधी ती ठेवली. जाऊबाई म्हणाल्या, चष्मा घरी राहिला. मी त्यांना माझा दिला.

हा तोरा आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाईनं स्वतःचं तेवढं लपवलं.

आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचा संशोधन विभाग आहे. विभाग म्हणजे डॉ. समिधा पांढरीपांडे, त्यांचा कॉम्प्युटर, मी, आणि मोटरसायकल असलेला योगेश. मॅडम इथल्याच, जबलपूरच्या रांझी भागातल्या. वडील तिथल्या फॅक्टरीत फोरमन होते, क्वार्टरात वाढलेली मुलगी, आणि आज तिचे एकाहत्तर पेपर आहेत. मोठमोठ्या शहरांतली हॉस्पिटलं तिला बोलावून थकली. ती म्हणायची, तोंडाचा कॅन्सर इथे आहे, मी तिथे जाऊन काय करू?

गुटखा आणि खैनीच्या कृपेनं आमच्याकडे पेशंटची टंचाई कधीच नव्हती. ऑपरेशन झालं की ज्यांचा आजार उलटायची थोडी भीती असते त्यांना सहा आठवडे रेडिएशन घ्यावं लागतं. आता मंडला-डिंडोरीकडच्या खेड्यातला माणूस सहा आठवडे जबलपूरला राहणार कुठे? निम्मे अर्ध्यातून पळतात. म्हणून मॅडमनी दोन गट केले. एका गटाला नेहमीचं रेडिएशन. दुसऱ्याला रेडिएशन नाही, दीड वर्ष रोज घरीच घ्यायच्या कमी ताकदीच्या गोळ्या. पाच वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच माणसं जगलेली. हाच तो पेपर. नॉर्वेच्या प्राध्यापकांनी आकडेमोड तपासली, ब्राझीलवाल्यांनी त्यांच्याकडे असंच सुरू करायची तयारी केली, आणि गोळीवाल्या गटाची सगळी खबरबात ज्या बाईनं गोळा केली होती तिचं नाव मॅडमनी भांडून अकराव्या जागेवर घातलं.

रेडिएशनवाले तपासणीला हॉस्पिटलात यायचेच; जो आला नाही त्याच्या दारात योगेश जाऊन बघून यायचा. गोळीवाल्यांना एवढ्या लांबून बोलवायचं नाही हाच तर मुद्दा होता, म्हणून त्यांना दर महिन्याला माझा फोन. माझा आवाज बरा आहे. मॅडम म्हणायच्या, तुझा आवाज ऐकून पेशंट अर्धा बरा होतो.

फोनसाठी नऊ प्रश्नांचा एक छापील फॉर्म होता. भूक, वजन, दुखणं असं करत सातवा प्रश्न यायचा: रुग्ण जिवंत आहे का? होय, नाही, माहीत नाही. खाली बारीक अक्षरात: शक्यतो रुग्णाशी स्वतः बोलावे.

पहिल्याच दिवशी मी मॅडमना म्हटलं होतं, "सकाळी सकाळी कोणाच्या बायकोला फोन करून विचारायचं, की बाई, तुझा नवरा जिवंत आहे का? माझ्या जिभेला काही हाड आहे की नाही?"

मॅडम हसल्या होत्या. "बरं बाई, तुला जमेल तसं विचार. मला उत्तर पाहिजे."

मग मी मला जमेल तसं विचारत गेले. "भाऊ बरे आहेत ना?" हिंदीवाल्यांना, "भैया ठीक हैं न?" समोरून हो आलं की 'होय'वर खूण. सहा वर्षं असंच.

मागच्या वर्षी, पेपर छापून आल्यावर महिन्याभरातच, मॅडमच्या वडिलांच्या गालात गाठ निघाली. शशिकांत पांढरीपांडे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. ऑपरेशन चांगलं झालं, पण मानेतली एक गाठ खराब निघाली. सर्जन म्हणाले, रेडिएशन देऊन टाकू. नाना म्हणाले, मला ते नको, तोंड सुकतं, दात जातात, मी फॅक्टरीतल्या किती जणांचे हाल पाहिलेत. आणि मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे बाबा. आपली गोळी घ्या." सर्जननी भुवया वर केल्या तेव्हा मॅडमनी त्यांच्यासमोर पेपर ठेवला. मी तिथेच उभी होते. मला तर अभिमानानं भरून आलं होतं. नानांचंही नाव माझ्या फोनच्या यादीत आलं. दर महिन्याला मी विचारायची, "नाना, बरे आहात ना?" आणि ते म्हणायचे, "फर्स्टक्लास! तू कशी आहेस ते सांग."

या जानेवारीत नॉर्वेचे दोघे प्राध्यापक जबलपूरला यायचे ठरलं. शनिवारी येणार, चार देशांच्या मोठ्या अभ्यासाच्या करारावर सह्या होणार, रविवारी भेडाघाट बघून परत. त्यांना गोळीवाला एखादा पेशंट डोळ्यांनी बघायचा होता. मंगळवारी मॅडमनी मला विचारलं, "कोणाला बोलवायचं?"

मला विचारच करावा लागला नाही. "भाऊराव ढोबळे. अधारतालचे. पिठाची चक्की आहे त्यांची. सहा वर्षं होऊन गेली."

"वा. शाल-श्रीफळ देऊ. तू स्वतः जाऊन सांग."

भाऊरावांची बायको शकु माझी फोनवरची मैत्रीण. आमचे नऊ प्रश्न दोन मिनिटांत व्हायचे आणि पुढची वीस मिनिटं लोणच्यात मेथी आधी का मोहरी आधी यावर जायची. तिनं मला माझ्या गुडघ्यासाठी तेल सांगितलं होतं, मी तिला तिच्या भाचीसाठी स्थळ. पण भेट कधी झाली नव्हती. तोंडं दोघींनीही एकमेकींची पाहिली नव्हती. बुधवारी सकाळी अर्धा किलो खोव्याची जिलेबी बांधून घेतली आणि स्कूटर काढली. कळवलं नाही. म्हटलं, गंमत करू.

मेन रोडपासून आत दुसऱ्या गल्लीत चक्की सापडली. चालू होती. आत एक उंच, हाडकुळी बाई गव्हाचा डबा ओतत होती, केसांपासून पायांपर्यंत पिठानं पांढरी. मी ओरडले, "शकुताई! मी विनीता! हॉस्पिटलची!"

तिनं चक्की बंद केली. पट्टा थांबेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली आणि मग खळखळून हसली. "अगं माय! दीदी, तुम्ही तर एवढ्याशा निघाल्या. आवाजावरून मले वाटे, चांगल्या दांडग्या असाल."

"भाऊंना बोलवा. आज मी त्यांनाच आमंत्रण द्यायला आली आहे. शनिवारी त्यांचा सत्कार आहे. विलायतेहून लोक येऊन राहिले त्यांना बघायला."

हसणं कुठे थांबलं ते मला कळलंही नाही. तिनं पदरानं हात पुसले. मग तोंड पुसलं. पीठ निघालं आणि कपाळ दिसलं. कपाळावर काही नव्हतं. पण मी एवढी मूर्ख, की मला वाटलं, कामाच्या गडबडीत टिकली पडली असेल.

"आत या," ती म्हणाली.

आतल्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि भिंतीवर चंदनाचा हार घातलेला फोटो. मला आधी वाटलं, तिचे सासरे असतील. मग डाव्या गालावरची ऑपरेशनची खूण दिसली. खाली रंगानं नीट लिहिलेलं होतं: कै. भाऊराव ढोबळे. जन्म आणि मृत्यू. मृत्यूची तारीख चौदा मार्च दोन हजार बावीस.

मी ती तारीख तीनदा वाचली. एखादा आकडा चुकून लिहिला असेल, रंगाऱ्यानं चूक केली असेल. याच महिन्याच्या तीन तारखेला मी या घरात फोन केला होता. भाऊ बरे आहेत ना? हो दीदी, झोपले आहेत. माझ्या हातातली जिलेबी मी कुठे ठेवली ते मला आज आठवत नाही. मी तिथल्या पलंगावर बसले.

"शकुताई, हे काय आहे?"

"तेच आहेत." ती दाराशी उभी होती. "चार वर्षं होतील आता."

"तीन वर्षं दहा महिने," मी म्हटलं. त्याही वेळी मला हेच सुचलं. तीन वर्षं दहा महिने म्हणजे शेहेचाळीस फोन. शेहेचाळीस वेळा मी या घरात एका मेलेल्या माणसाची भूक विचारली होती, वजन विचारलं होतं, दुखतं का विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी 'होय'वर खूण केली होती. मग माझा तोल गेला. मी ओरडले, अगदी गल्लीत ऐकू जाईल अशी ओरडले. "मला काहून नाही सांगितलं? इतक्या गप्पा मारल्या माझ्याशी, हे एक सांगता नाही आलं?"

ती रडली नाही. मला वाटतं, तिचं रडणं केव्हाच संपलं होतं.

"हे गेल्यावर पहिल्यांदा तुमचा फोन आला तेव्हा नववा दिवस होता. सासूबाई इथंच, या पलंगावर. हार्टच्या पेशंट. हे नागपूरले वारले होते, औषध चालू आहे म्हणून आम्ही त्यायले सांगितलं होतं. तुम्ही म्हटलं, भाऊ बरे आहेत ना? म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहून राहिली. मी हो म्हटलं. काय म्हणू मग?"

"आणि त्यानंतर?"

"दोन महिन्यांनी त्याही गेल्या."

"मग तेव्हा तरी सांगायचं होतं!"

तिनं फोटोकडे पाहिलं. "दीदी, या घरात त्यांची तब्येत विचारणारं तुमच्याशिवाय कोणी उरलंच नव्हतं. तुमचा फोन आला की तेवढ्यापुरते ते इथं आत झोपलेले असत. फोन ठेवला की नसत." मग ती म्हणाली, "तुम्ही सरळ विचारलं असतं ना, की आहेत का नाहीत, तर माझ्यानं खोटं निघालं नसतं. नर्मदामैयाची शपथ. पण तुम्ही इतक्या मायेनं विचारत. 'बरे आहेत ना?' त्याले नाही कसं म्हणावं?"

मी उठले. ती मागून म्हणत होती, दीदी, चहा तरी, दीदी, चुकलं माझं. तिचं काय चुकलं होतं? माझ्या डोक्यात तेव्हा तिच्याबद्दल दया नव्हती, राग होता, आणि त्याहून मोठी भीती होती. एकट्या शकुनंच असं केलं असेल कशावरून?

ऑफिसात आले. मॅडम राउंडला होत्या. कपाटातून सहा वर्षांचे फॉर्म काढून जमिनीवर पसरले. माझं काम चोख होतं. प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर एक रकाना असतो, 'कोणाशी बोलणे झाले', आणि तो मी कधीही रिकामा सोडला नव्हता. पत्नी. पत्नी. सून. मुलगा. पत्नी. सगळं लिहून ठेवलेलं होतं, माझ्याच सुबक अक्षरात. गोळीवाल्या गटात दोनशे चार माणसं, पेपरात त्यातली एकशे एकोणचाळीस जिवंत. भाऊराव सोडले तरी त्या एकशे एकोणचाळीसांपैकी बावन्न जणांचा स्वतःचा आवाज मी वर्ष-दीड वर्षात ऐकलाच नव्हता. झोपलेत. शेतावर गेलेत. मोबाईल इथेच विसरून गावाला गेलेत. बायकोशी, सुनेशी गप्पा मारून मी खुशाल पुढच्या नावाकडे गेले होते.

दार आतून लावून घेतलं आणि फोन उचलला. सहा वर्षांत पहिल्यांदा सातवा प्रश्न जसा छापला होता तसा विचारला.

पहिल्या घरी एक म्हातारा स्वतःच फोनवर आला. "जिवंत आहे का म्हणजे? काहून? कोणी काही बोललं का?" मला त्याही स्थितीत हसू आलं, आणि वाटलं, देवा, सगळे असेच भेटू देत. दुसऱ्या घरी सुनेनं प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, "दीदी, बाबूजी तो दो साल पहले शांत हो गए. आप हर महीने इतने प्यार से पूछती थीं, कैसे बोलते?" तिसऱ्या घरी मुलानं शिवी दिली आणि फोन ठेवला, पुन्हा केला तेव्हा म्हणाला, दीड वर्ष झालं. सातव्या घरी बाई म्हणाली, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीतच असेल, तुम्ही हॉस्पिटलच्या ना, तुम्ही फक्त आमची विचारपूस करता असं वाटायचं.

तीन वाजेपर्यंत एकतीस घरं लागली. चौदा माणसं मेलेली होती. काही पेपर छापून यायच्या आधी दोन-दोन वर्षं मेलेली. आणि तरी आमच्या पेपरात ती जिवंत होती आणि तो पेपर वाचून कुठला कुठला डॉक्टर आपल्या पेशंटला सांगत होता, रेडिएशन नको, गोळी पुरे. रेडिएशनवाल्यांचा एक एक मृत्यू योगेशनं दारात उभं राहून टिपला होता. गोळीवाल्यांचे मी गोड बोलून झाकून टाकले होते. ती गोळी रेडिएशनच्या तोडीची नव्हतीच. तोडीची होती ती माझी जीभ.

यात खोटं कोणीही बोललं नव्हतं असं मला स्वतःला सांगायचं होतं. पण जमिनीवर चौदा फॉर्म वेगळे काढून ठेवलेले होते आणि प्रत्येकावर 'होय'वर खूण होती, माझ्या पेनानं.

आणि मग मला नाना आठवले. खरं म्हणजे सकाळपासून आठवत होते, मी त्यांना आठवू देत नव्हते. मॅडमनी ज्या कागदावर भरवसा ठेवून स्वतःच्या बापाचं रेडिएशन टाळलं, तो कागद माझ्या सभ्यपणावर उभा होता. त्याला वर्ष होत आलं होतं. रेडिएशन ऑपरेशननंतर दोन महिन्यांच्या आत द्यायचं असतं, हे आता आमच्या झाडूवालीलाही माहीत आहे.

लपवायचा विचार आला का? आला. ढळढळीत आला. शनिवारपर्यंत तीन दिवस होते. भाऊरावांच्या जागी तो म्हातारा चालला असता, काहून विचारणारा, खणखणीत जिवंत. मॅडमना सांगायचं वाक्यही तयार होतं: ढोबळे गावाला गेलेत. तेच वाक्य, जे सहा वर्षं मला लोक सांगत आले होते. ते ओठांवर आलं आणि मला माझीच किळस आली.

मॅडम साडेतीनला आल्या. आल्या आल्या कॉम्प्युटर उघडून शनिवारची तयारी करायला बसल्या. पडद्यावर तो आलेख होता, दोन रेघा, हातात हात घालून खाली उतरणाऱ्या. "भेटले ढोबळे?" त्यांनी पडद्याकडे बघतच विचारलं.

"मॅडम, भाऊराव ढोबळे तीन वर्षं दहा महिन्यांपूर्वी वारले."

त्या वळल्या. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. शकु, सासू, पलंग, सातवा प्रश्न, एकतीस फोन, चौदा माणसं. सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हटलं, "मी एकदाही तसं विचारलं नाही, मॅडम. सहा वर्षांत एकदाही."

मला वाटलं होतं, ओरडतील. चपराक मारतील असंही वाटलं होतं आणि ती मला हवी होती. मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग तेवढा उतरला, जणू कोणी आतून दिवा काढून घेतला. त्यांनी फक्त विचारलं, "एकतीसात चौदा?"

"हो. एकवीस घरं अजून बाकी आहेत."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि मागच्या कागदावर काही मांडलं. बराच वेळ मांडत होत्या. एकदा खोडून पुन्हा मांडलं. मग पेन्सिल खाली ठेवली. "बाकीच्यांतही एवढेच निघाले तर गोळीवाल्यांची रेघ पार खाली जाते," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "सारखं नाही. जवळपासही नाही."

"तुम्ही फॉर्ममध्ये नीट लिहिलं होतं. मीच..."

"मी हसले होते, विनीता. तू जिभेला हाड नाही म्हणालीस तेव्हा मी हसले होते. त्या रकान्यात सगळीकडे पत्नी, पत्नी लिहिलेलं मी पाहिलं होतं. नॉर्वेवाल्यांनीही विचारलं होतं, पेशंट स्वतः का बोलत नाही? मी त्यांना लिहिलं, आमच्याकडे घरातली बाईच सगळं सांगते. पद्धत आहे." त्यांनी तो कागद उलटा केला. "सुंदर उत्तर होतं. त्यांनी मान्य केलं."

मग त्यांनी मेल उघडली. मला वाटलं, विचार करतील, दोन दिवस मागून घेतील, एकवीस घरांची वाट बघतील. त्यांनी पाच मिनिटांत लिहिली आणि मराठीत मला वाचून दाखवली. आमच्या पेपरातली माहिती चुकीची आहे. गोळीच्या गटातले मृत्यू नोंदले गेले नाहीत. जबाबदारी माझी. पेपर मी मागे घेत आहे, करार थांबवावा, शनिवारचं येणं रद्द करावं, ब्राझीलमध्ये एकाही पेशंटला गोळी सुरू करू नये. मेलमध्ये माझं, विनीताचं, नाव कुठेच नव्हतं. मी म्हटलं, माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, "ते पेपरवर आहेच," आणि मेल पाठवून दिली.

मॅडमचं सोळा वर्षांचं काम एका बोटानं गेलं. मी ते बोट बघत होते. ते कीबोर्डवरून उठलं आणि फोनकडे गेलं, आणि तिथे जाऊन अडलं. मेल लिहिताना ते अडलं नव्हतं. शेवटी फोन टेबलावरच ठेवून, स्पीकर लावून त्यांनी रांझीला आई-वडिलांच्या घरचा नंबर लावला.

मॅडमची आई, अंजनीकाकू, फोनवर आल्या. "काय ग, या वेळेला?"

"आई, बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत की. गच्चीवर उन्हात बसून पेपर वाचून राहिले. काहून?"

"त्यांना फोन दे."

"अगं बरे आहेत म्हटलं ना..."

"आई, त्यांना फोन दे."

काकूंच्या चपला जिन्यावर वाजल्या. मग नानांचा आवाज आला. "बोला डॉक्टरसाहेब! पाहुण्यांची तयारी झाली का?"

आमच्या हॉस्पिटलात एक तपासणी आहे, तिला ना मशीन लागतं ना सुई. माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जायला हवीत. आधी जात असतील आणि मग जाईनाशी झाली, तर आत काहीतरी पुन्हा वाढत असण्याची भीती असते. ओपीडीत प्रत्येकाला हे करायला लावतात. नाना सप्टेंबरमध्ये सर्जनना दाखवून आले होते आणि सर्जननी त्यांना पुढची तारीख मार्चची दिली होती.

"बाबा," मॅडम म्हणाल्या, "तोंडात बोटं घाला. उभी. किती जातात?"

"हे काय आता? मी बरा आहे ग."

"बरे आहात का ते मी विचारलं नाही. किती बोटं जातात?"

नानांनी फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मी मॅडमकडे बघितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

"दोन," नाना म्हणाले. मग थोड्या वेळानं, "दोन पण नाही. दीड म्हण."

"कधीपासून?"

"दिवाळीत चकली खाताना लक्षात आलं."

"अडीच महिने होऊन गेले, बाबा. मला काहून नाही सांगितलं?"

"सांगणारच होतो," नाना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चोरी सापडलेल्या पोरासारखं काहीतरी होतं. "म्हटलं, तुझ्या गोळीवर संशय नको यायला. इतकी वर्षं राबलीस. ते लोक एकदा येऊन सह्या करून जाऊ दे. शनिवार झाला की सांगू."

मॅडमनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले.

"शनिवारी आता कोणी येत नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज या."

मी बाहेर जाऊन योगेशला नानांना आणायला रांझीला पाठवलं आणि परत येऊन उरलेल्या एकवीस घरांतल्या पहिल्या घराचा नंबर लावला.